घटक ६ : ‘नंतर’ आणि ‘मुळे’ – रक्ताच्या गुठळ्या, लस आणि कारणवाचक विधानांची भाषा

६.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला –
• कालक्रम सांगणारे विधान आणि कारण सांगणारे विधान यांतील भेद स्पष्ट करता येईल.
• लसीच्या सुरक्षिततेविषयीच्या दाव्यातील शब्दांना पुराव्याचा आधार आहे का, हे तपासता येईल.
• प्रमाण दर्शविणारी विधाने अचूकपणे लिहिता येतील.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, शब्दयोगी अव्ययांचे प्रकार आपण मागे अभ्यासले आहेत. ‘नंतर’ हे कालवाचक अव्यय आहे. ‘मुळे’ हे अव्यय परंपरेने करणवाचक गटात नोंदवले जाते आणि ते कार्यकारणसंबंध व्यक्त करते. पुढील दोन वाक्ये पाहा :

(अ) लस घेतल्यानंतर रक्तात गुठळी झाली.
(आ) लस घेतल्यामुळे रक्तात गुठळी झाली.

पहिले वाक्य ही नोंद आहे. ती रुग्णाचे नातेवाईकही करू शकतात. दुसरे वाक्य हा निष्कर्ष आहे. तो सिद्ध करावा लागतो. बोलण्याच्या ओघात पहिल्या वाक्याचे दुसरे केव्हा होते, हे आपल्या लक्षातही येत नाही. ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ’ ही म्हण याच गफलतीवर बोट ठेवते. परंतु या म्हणीचा आधार घेऊन प्रत्येक तक्रार योगायोग म्हणून उडवून लावणे, हीदेखील तितकीच गंभीर चूक होय. फांदी खरोखर कावळ्याच्या भाराने मोडली का, हे तपासावेच लागते. अशी तपासणी कशी होते, याचे उदाहरण २०२१ साली घडले.

६.३ ‘नंतर’पासून ‘मुळे’पर्यंतचा प्रवास

मार्च २०२१ मध्ये डेन्मार्कने आणि त्यानंतर जर्मनी, फ्रान्स, इटली यांनी ॲस्ट्राझेनेका कंपनीच्या कोविड लसीचा वापर तात्पुरता थांबवला. हीच लस भारतात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘कोविशील्ड’ या नावाने तयार केली होती. लस घेतल्यानंतर काही व्यक्तींच्या रक्तात गुठळ्या झाल्याच्या नोंदी आल्या होत्या. केवळ एवढ्यावरून ‘मुळे’ म्हणता येत नव्हते. कारण लस नसतानाही समाजात रोज अनेकांना गुठळ्यांचा विकार होतच असतो. १८ मार्च रोजी युरोपीय औषध नियामक संस्थेने सांगितले, की गुठळ्यांचे एकूण प्रमाण वाढलेले दिसत नाही. मात्र एका विशिष्ट, दुर्मीळ प्रकाराबाबत संबंधाची शक्यता नाकारता येत नाही.

या प्रकाराचे वेगळेपण कशात होते? गुठळ्या मेंदूतील किंवा पोटातील शिरांमध्ये, म्हणजे एरवी क्वचित आढळणाऱ्या जागी होत होत्या. त्याच वेळी रक्तातील प्लेटलेट म्हणजे रक्तबिंबिका कमी झालेल्या होत्या. बिंबिका घटल्या की सामान्यतः रक्तस्राव होतो. येथे उलट रक्त गोठत होते. बहुतेक घटना लसीनंतर साधारण एक ते चार आठवड्यांच्या काळात घडत होत्या. एप्रिलमध्ये जर्मनीतील ग्राइफ्सवाल्ड आणि नॉर्वेतील ऑस्लो येथील संशोधकांनी दाखवून दिले, की या रुग्णांच्या शरीरात बिंबिकांमधील ‘प्लेटलेट फॅक्टर ४’ या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली होती. हेपॅरिन या औषधाने क्वचित होणाऱ्या एका विकाराशी याचे जवळचे साम्य होते.

जागा, काळ, अपेक्षेपेक्षा अधिक संख्या आणि शरीरातील प्रक्रिया हे चार दुवे जुळल्यावर ‘मुळे’ या अव्ययाला आधार मिळाला. ७ एप्रिल २०२१ रोजी युरोपीय नियामकाने या विकाराचा समावेश लसीच्या अतिदुर्मीळ दुष्परिणामांत केला.

येथे अचूक नाव मिळणे हा केवळ शब्दांचा प्रश्न नव्हता. गुठळीवर एरवी हेपॅरिन दिले जाते. या विकारात ते टाळण्याची सूचना डॉक्टरांना देता आली. नोंदी ‘अफवा’ म्हणून दडपल्या असत्या, तर ही सूचना वेळेवर मिळाली नसती.

६.४ तेच शब्द, वेगळा दावा

नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘डाइड सडनली’ ही चित्रफीत अमेरिकेत प्रसारित झाली. मृतदेह टिकवण्याची प्रक्रिया करणाऱ्या काही व्यावसायिकांनी तीत मृतांच्या रक्तवाहिन्यांतून काढलेल्या लांब, पांढुरक्या, रबरासारख्या गुठळ्या दाखवल्या आणि त्यांचा संबंध कोविड लसींशी जोडला.

शब्द तेच : ‘असाधारण गुठळ्या’. दावा मात्र निराळा. मृत व्यक्तीने लस घेतली होती का, तिला कोविड झाला होता का, लसीकरणापूर्वी अशा गुठळ्या किती आढळत, यांची पद्धतशीर तुलना तेथे नाही. शिवाय मृत्यूनंतर रक्ताभिसरण थांबले की तांबड्या पेशी खाली बसतात आणि वरचा भाग पिवळसर-पांढरा होऊन गोठतो, हे विकृतिशास्त्राला फार पूर्वीपासून ज्ञात आहे. त्याला कोंबडीच्या चरबीची उपमा दिली जाते. पाहणाऱ्याने काही पाहिलेच नाही, असे येथे म्हणायचे नाही. त्याचे निरीक्षण ‘नंतर’पर्यंत पोहोचते, ‘मुळे’पर्यंत पोहोचत नाही. ६.३ मधील सिद्ध झालेला विकार हा या दाव्याचा पुरावा ठरत नाही, आणि हा दावा निराधार असल्यामुळे तो विकार खोटा ठरत नाही.

६.५ प्रमाणाची भाषा

‘लसीने गुठळ्या होतात’ या वाक्यातील ‘होतात’ हे रूप नित्य घडणारी गोष्ट सुचवते. ‘होऊ शकतात’ हे शक्यता सुचवते, पण किती ते सांगत नाही. ब्रिटनमध्ये ३१ मार्च २०२१ पर्यंत दोन कोटींहून अधिक मात्रा दिल्या गेल्या. कमी बिंबिकांसह गुठळ्यांच्या ७९ नोंदी झाल्या आणि त्यांपैकी १९ जणांचा मृत्यू झाला. म्हणजे दहा लाख मात्रांमागे सुमारे चार घटना. ‘फक्त चार’ म्हणणे त्या १९ कुटुंबांवर अन्याय करते. ‘चार’ न सांगणे दोन कोटींची दिशाभूल करते. ब्रिटनने दोन्ही गोष्टी ध्यानात घेऊन तीस वर्षांखालील व्यक्तींना शक्यतो दुसरी लस देण्याचा सल्ला दिला; कारण त्या वयात कोविडचा धोका कमी असल्याने लाभ-हानीचा तोल बदलत होता.

भारतात मे २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कोविशील्डसाठी दहा लाख मात्रांमागे ०.६१ हे प्रमाण जाहीर केले. हे ‘नोंद झालेल्या’ घटनांचे प्रमाण आहे. नोंदणीची व्यवस्था, विकाराची व्याख्या आणि लोकसंख्या भिन्न असल्याने ब्रिटनच्या आकड्याशी त्याची थेट तुलना करता येत नाही.

६.६ ‘कबुली’ या शब्दाचा भार

एप्रिल २०२४ च्या अखेरीस ब्रिटनमधील खटल्याची बातमी आली. लसीमुळे अतिदुर्मीळ प्रसंगी हा विकार होऊ शकतो, असे कंपनीने न्यायालयीन कागदपत्रांत म्हटले होते. वृत्तांमध्ये ‘कबुली’ हा शब्द ठळकपणे आला. ‘कबुली’ म्हणताच लपवलेला गुन्हा सूचित होतो. न्यायालयाच्या दृष्टीने त्या विधानाला महत्त्व होतेच. परंतु वाचकासाठी दुष्परिणामाची माहिती नवी नव्हती, ती तीन वर्षांपूर्वीच जाहीर झाली होती. ७ मे २०२४ रोजी या लसीचा युरोपातील विक्री-परवाना रद्द झाला, तेव्हा अनेकांनी तो बातमीमुळे रद्द झाल्याचे मानले. प्रत्यक्षात कंपनीने त्यासाठीचा अर्ज मार्चमध्येच केला होता. ‘नंतर’चे ‘मुळे’ येथेही झाले.

६.७ सारांश

‘नंतर’ ही चौकशीची सुरुवात आहे. तिला नाकारणे आणि तिलाच निकाल समजणे, दोन्ही चुकीचे. दाव्यातील नाम नेमके कशाचे आहे, क्रियापद किती खात्री व्यक्त करते आणि संख्येला छेद कोणता आहे, हे पाहणे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे. आजारी माणसाचे उपचार आणि निरोगी माणसाचा निर्णय, दोन्ही या शब्दांवर अवलंबून असतात.

६.८ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘नंतर’ आणि ‘मुळे’ यांचा अर्थभेद स्वतःच्या दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.
२. ६.३ व ६.४ मधील दाव्यांच्या पुराव्यांची तुलना करा.
३. उपक्रम : आरोग्यविषयक एखादे वृत्त निवडा. त्यातील कारणवाचक शब्द अधोरेखित करून, पुराव्याला साजेसे त्याचे पुनर्लेखन १०० शब्दांत करा.