नवीन नोकरीत दिवस गेले तर
साताऱ्याच्या, कुपवाडच्या एमआयडीसीत नुकत्याच लागलेल्या ताया दिवस गेल्याचे लपवतात. काढून टाकतील ही भीती. मग जड पेट्या उचलत, दिवसभर उभ्या राहत रेटतात.

तायांनो, बाळंतपणाच्या अंदाजित तारखेआधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम भरले, की पहिल्या दोन मुलांपर्यंत 26 आठवडे पगारी रजा मिळते. तिसऱ्या महिन्यात कामाला लागलात तरी 80 दिवस भरू शकतात. पगारातून ईएसआय कापत असतील, तर हिशेब वर्गणीच्या दिवसांचा. तो ईएसआय कार्यालयात विचारा. बाळंतपणाच्या भत्त्याच्या विधेयकाला बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात पाठिंबा दिला होता.

आरोग्य केंद्रात लवकर नाव नोंदवा, तारीख घालून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नुसते तोंडी सांगितले, तर मुकादम उद्या कानांवर हात ठेवतो.