रांगेतले तीस सेकंद: सहीची सीडी आणि आपला कस्टमर

मागच्या व्हिडिओत गायकाची सही घ्यायला गेलो होतो तो किस्सा मी अर्धाच सांगितला. वेळ संपली म्हणालो, पण खरं सांगायचं तर पुढचं बोलायला लाज वाटत होती. आज लिहून टाकतो. लिहिताना तुमची तोंडं दिसत नाहीत, तेवढं बरं.

2008 च्या आसपासची गोष्ट. चिखलीत साने चौकाच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये माझं स्क्रीन प्रिंटिंगचं काम चालायचं. एक टेबल, चार फ्रेम, हाताखाली एक पोरगा. खोक्यांवर लावायचे स्टिकर छापायचो. दोन बिलं अडकलेली, शेडचं भाडं थकलेलं, आणि डोक्यात दिवसरात्र एकच: नवीन पार्टी कुठून आणायची?

त्यात चिंचवडच्या प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात आमच्या आवडत्या गायकाचा कार्यक्रम लागला. नाव लिहीत नाही. लिहिलं की तुम्ही गाण्यांवरच बोलत बसता आणि धडा राहून जातो, हा अनुभव आहे. आवडता खरा माझ्यापेक्षा आईचा. आई आमच्या भजनी मंडळातली. जुनी माणसं या गावाला टाळगाव चिखली म्हणतात, तुकोबांच्या टाळकऱ्यांशी ते नाव जोडलेलं आहे, त्यामुळे घरात टाळ आणि कॅसेट दोन्ही होतंच. तिला गुडघ्यांमुळे तीन तास खुर्चीत बसणं जमत नव्हतं. निघताना म्हणाली, "सीडीवर सही घे. आणि त्यांना सांग, सकाळी पाणी भरताना रोज तुमचं गाणं लावते."

एवढाच निरोप होता.

मध्यंतरात बाहेर सीडीचं टेबल लागलं आणि कार्यक्रम संपल्यावर गायक स्वतः तिथे येऊन बसले. बघता बघता रांग जिन्यापर्यंत गेली. मी पाऊण तास उभा होतो. त्या पाऊण तासात मी काय केलं असेल? खिशातली माझी व्हिजिटिंग कार्डं मोजली. मनात वाक्य जुळवलं, की सर, आम्ही सीडीचे स्टिकर, कार्यक्रमाचे पास, सगळं छापतो, एकदा संधी द्या. धंदा शिकवणारे सांगतात ना, संधी सोडायची नाही म्हणून. मीही तेव्हा तसलंच पुस्तक वाचत होतो.

टेबलाच्या अलीकडे एक मुलगा वही घेऊन उभा होता. "कोणाच्या नावाने?" त्याने विचारलं. मी माझं नाव सांगितलं, वर आडनावही. म्हटलं, नाव त्यांच्या डोळ्याखालून गेलं तर लक्षात राहील. त्याने चिठ्ठीवर लिहून दिलं. माझा नंबर आला. गायकांनी मान वर केली, हसले, सही केली. आणि त्यांनी पेन उचलला तेवढ्यात मी कार्ड पुढे केलं आणि पाठ केलेलं बोलून टाकलं.

ते वाईट वागले नाहीत. हसू मात्र गेलं. "यांच्याकडे द्या," म्हणून त्यांनी शेजारच्या माणसाकडे बोट केलं आणि माझ्या मागच्या आजींकडे बघितलं. जाताना मी वळून पाहिलं तर माझं कार्ड चहाच्या ग्लासाखाली होतं. टेबलाला डाग पडू नये म्हणून.

घरी आईने सीडी हातात घेतली, चष्मा लावून वाचलं. "हे तर तुझं नाव आहे. माझं सांगितलं नाहीस?" मी म्हटलं, फार गर्दी होती गं. ती काही बोलली नाही. सीडी शोकेसमध्ये ठेवली.

आता धंद्याकडे येऊ

पहिला प्रश्न असा, की ते दोन-अडीचशे लोक काय विकत घेत होते? गाणी तर सगळ्यांकडे होती. तेव्हा रस्त्यावर एमपीथ्री सीडी मिळायच्या, एकीत शंभर-दीडशे गाणी, आणि किंमत ओरिजिनलपेक्षा कितीतरी कमी. तरी लोक पूर्ण पैसे मोजून रांगेत उभे राहिले, कारण त्या टेबलावरची वस्तू कॉपी करता येत नव्हती. तिच्यावर गिऱ्हाइकाचं नाव होतं, आणि ते बनवणाऱ्याच्या हाताने लिहिलेलं होतं.

यात एक गंमत बघा. 1902 साली ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं रेकॉर्ड केलं. त्या काळच्या तबकड्या ऐका, गाणं संपता संपता त्या इंग्रजीत सांगतात, "माय नेम इज गौहर जान." कारण अगदी साधं होतं. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, आणि तिथल्या कामगाराला कळायला हवं की लेबल कोणाच्या नावाचं लावायचं. म्हणजे ती डिस्पॅचची सोय होती, आपण खोक्यावर पार्ट नंबर टाकतो तशी. आज शंभर वर्षांनंतर ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो तो मात्र त्याच पाच शब्दांना. माल कोणी बनवला हे मालातच ऐकू येतं, दुसरं काय!

दुसरी गोष्ट मला कितीतरी वर्षांनी सुचली. त्या टेबलाची मांडणी. मी प्रिंटिंगवाला, मला तेव्हाच दिसायला हवं होतं. सीडीच्या डबीवर प्लॅस्टिकचं वेष्टन असतं, त्यावर सही केली तर वेष्टन फाडताना सहीही कचऱ्यात जाते. म्हणून विकणारी मुलगी पैसे घेतानाच वेष्टन काढत होती आणि आतला छापील कागद बाहेर काढून देत होती. तो कागद गुळगुळीत, त्यावर बॉलपेन घसरतं, म्हणून परमनंट मार्कर. मार्करची शाई लगेच मिटली तर फासते, म्हणून शेवटी उभा असलेला माणूस कागद दोन-चार वेळा हलवून मगच डबीत घालत होता. नावाची चिठ्ठी आधीच तयार, म्हणजे गायकांना "स्मिता, की स्मिताली?" असं विचारत बसायला नको. सुट्टे पैसे दुसऱ्याच टेबलावर.

हे सगळं कशासाठी? गायक आणि समोरचा माणूस यांच्यामध्ये त्या तीस सेकंदांत पैसे, प्लॅस्टिक, स्पेलिंग यातलं काहीही येऊ नये म्हणून. चार माणसांनी खपून ते तीस सेकंद मोकळे केले होते. आणि मी त्यात माझं कार्ड घुसवलं.

आपल्या दुकानात आपण नेमकं उलटं करतो. कस्टमर माल हातात घेतो, खूश असतो, तेव्हा आपण खाली वाकून सुट्टे शोधत असतो. नाहीतर त्याच क्षणी "अजून काय देऊ?" विचारतो. ते आधी विचारा ना. माल हातात गेला की फक्त त्याच्याकडे बघा.

आमच्या एका बॅचमध्ये नेवाळे वस्तीतल्या एक ताई होत्या, काळा मसाला करतात. हा किस्सा ऐकून त्यांनी पाकिटावर छापील लेबलाखाली हाताने दोन गोष्टी लिहायला सुरुवात केली: गिऱ्हाइकाचं नाव आणि मसाला कुटल्याची तारीख. पहिल्याच दिवाळीत घोटाळा झाला. घाईत दोन पाकिटांची अदलाबदल झाली आणि तिखट कमी हवं असलेल्या बाईंकडे जहाल मसाला गेला. त्या बाई भांडायला आल्या, पण ज्या शेजारणीचं नाव पाकिटावर होतं तिचा पत्ता विचारून स्वतःच बदलून आल्या. आता दोघीही मसाला यांच्याकडूनच नेतात. मी हे शिकवलेलं नव्हतं.

सगळ्यांना हे जसंच्या तसं लागू नाही, तेही सांगतो. तुम्ही भोसरी-चाकणला जॉबवर्क देत असाल तर बुशवर खरेदी अधिकाऱ्याचं नाव लिहून काही होणार नाही, उलट माल परत येईल. तिथे तुमची सही म्हणजे मालाबरोबर जाणारा पीडीआय रिपोर्ट. आणि तिथेच आपण सर्वात जास्त फसवतो. पाच नग मोजायचे, बाकी आकडे तेच थोडे इकडेतिकडे करून भरायचे, खाली झोकदार सही. समोरच्या क्वालिटीवाल्याला हे कळत नाही असं वाटतं? त्याने तुमच्यासारखे शेकडो रिपोर्ट बघितलेले असतात. आधीच सह्या करून ठेवलेल्या सीडींचा गठ्ठाही काही कार्यक्रमांत विकायला असतो. लोक उचलून बघतात आणि रांगेकडे जातात.

आईला खरं काय झालं ते मी चार-पाच वर्षांनी सांगितलं. तोवर घरातला प्लेअर बिघडून माळ्यावर गेला होता. तिने शांतपणे ऐकलं, मग विचारलं, "मग त्या कार्डाचं काम आलं का?" नाही आलं. "बरं झालं," म्हणाली, "नाहीतर तू तेच करत बसला असतास." अजून ते वाक्य पुरतं उलगडलेलं नाही. सीडी शोकेसमध्ये आहे, माझ्या नावाची.

या आठवड्याचं काम सोपं आहे. तुमचा माल कस्टमरच्या हातात जातो तो क्षण मोबाईलवर शूट करा, तीनच गिऱ्हाइकांचा, त्यांना विचारून. घरी शांतपणे बघा आणि तुम्ही त्या वेळी कुठे बघत होता तेवढंच वहीत लिहा. आणि नावं लिहायला सुरुवात करणार असाल तर गल्ल्यात मार्कर दोन ठेवा. गर्दीच्या दिवशी एक वाळलेलाच निघतो.