जुनी मोटार आणि नवे इंजिन

पाली भाषेतील 'मिलिंदपञ्ह' ह्या ग्रंथात एक प्रसिद्ध प्रसंग आहे. ग्रीक वंशाचा राजा मिलिंद रथात बसून भिक्षू नागसेनाच्या भेटीस गेला. नागसेनाने त्यास विचारले, की तू ज्यातून आलास तो रथ म्हणजे नेमके काय? आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ काय? प्रत्येक प्रश्नास राजाला 'नाही' म्हणावे लागले. अखेर त्याने कबूल केले, की हे सर्व भाग यथायोग्य जुळून आले म्हणजे त्यांस आपण 'रथ' हे नाव देतो.

गतवर्षी आमच्या घरी हाच प्रश्न उभा राहिला. मात्र रथाच्या जागी अँबॅसेडर मोटार होती. आमच्या आजोबांनी ती 1966 साली घेतली होती. बडोद्यातील आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती बारा वर्षे उभी होती. ती पुन्हा रस्त्यावर आणावी, ह्याविषयी घरात एकमत होते. कशी आणावी, ह्याविषयी नव्हते. बंधूंचे म्हणणे असे, की जुने इंजिन काढून त्या जागी नव्या काळचे दणकट इंजिन बसवावे, म्हणजे गाडी रोजच्या उपयोगाची होईल. मातोश्रींस ते मुळीच पटेना. पूर्वी आजोबांची मोटार कोपऱ्यावर वळली की तिच्या आवाजावरून त्या चहाचे आधण ठेवीत. "आवाजच गेला तर मग गाडी कुठली राहिली?" असे त्या म्हणाल्या. हा वाद सोडविण्यासाठी आम्हांस जो अभ्यास करावा लागला, तो विद्यार्थी वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम बंधूंच्या बाजूचा विचार करू. इंजिन बदलले की अँबॅसेडर ही अँबॅसेडर राहत नाही, असे म्हणावे तर तिचा इतिहासच त्याविरुद्ध साक्ष देतो. ब्रिटनमधील मॉरिस ऑक्सफर्ड ह्या मोटारीच्या तिसऱ्या मालिकेवरून हिंदुस्तान मोटर्स कंपनीने पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथील कारखान्यात अँबॅसेडर तयार करण्यास आरंभ केला, तो 1957 च्या सुमारास. आरंभीच्या गाड्यांच्या इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूस असत. लवकरच त्या जागी 1489 घन सेंटिमीटरचे, माथ्यावर व्हॉल्व्ह असलेले पेट्रोल इंजिन आले. पुढे 1980 च्या सुमारास डिझेल इंजिन आले आणि 1990 च्या दशकाच्या आरंभी 1.8 लिटरचे जपानी इसुझू इंजिन आले. 2014 च्या मे महिन्यात कारखान्याचे काम थांबले, तोपर्यंत गाडीचा गोलसर बाह्याकार मात्र ओळखू येण्याइतका तोच होता. म्हणजे आपल्या डोळ्यांदेखत कारखान्यानेच ह्या मोटारीचे हृदय अनेकदा बदलले.

परंतु ह्याच इतिहासात एक धडा आहे व तो घाईत निसटतो. कारखान्याने इसुझू इंजिन बसविले तेव्हा केवळ इंजिन बसविले नाही. स्टिअरिंगच्या दांड्यावरील चार गिअरची जुनी रचना जाऊन पाच गिअरची नवी पेटी आली आणि गिअरचा दांडा खाली जमिनीवर आला. इंजिन हा साखळीतील एक दुवा आहे. तो बदलला की शेजारच्या प्रत्येक दुव्यास त्याचे परिणाम भोगावे लागतात.

ते कसे, हे पाहू. इंजिनाचा पीळ क्लचमधून गिअरपेटीत, तेथून प्रोपेलर शाफ्टने मागील डिफरन्शियलमध्ये आणि तेथून चाकांकडे जातो. अधिक पिळाचे इंजिन लावले तर ह्यांपैकी जो भाग सर्वांत दुर्बळ, तो प्रथम तुटतो. नवी गिअरपेटी जुनीहून लांब अथवा आखूड असेल तर शाफ्ट कापून नव्याने जोडून घ्यावा लागतो व त्याचा तोल साधावा लागतो. शाफ्टच्या दोन टोकांच्या सांध्यांस मिस्त्री 'क्रॉस' म्हणतात. ह्या दोन्ही ठिकाणचे कोन सारखे राहिले नाहीत तर गाडी वेगात थरथरू लागते. इंजिन जड असेल तर पुढील स्प्रिंगांवरील भार वाढतो. ते अधिक उष्णता देत असेल तर जुना रेडिएटर अपुरा पडतो. जुन्या गाडीचा वेगमापक गिअरपेटीतून निघालेल्या तारेने फिरतो. पेटी बदलली की तोही खोटे सांगू लागतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ब्रेकची. येथे विद्यार्थ्यांनी पदार्थविज्ञानाचे पुस्तक आठवावे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जी गाडी ताशी 60 किलोमीटर वेगाने चालविली जात होती, ती नव्या इंजिनाच्या जोरावर ताशी 90 ने चालू लागली तर वेग दीडपट होतो. पण थांबताना ब्रेकला शोषावी लागणारी ऊर्जा सव्वादोनपट होते. आमच्या गाडीस चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक आहेत. वेग वाढविण्याचे सामर्थ्य विकत घ्यावयाचे आणि थांबण्याचे सामर्थ्य जुनेच ठेवावयाचे, ह्याला सुधारणा म्हणता येणार नाही. हे गणित कागदावर मांडले तेव्हा बंधू प्रथमच विचारात पडले.

यानंतर कायद्याचा प्रश्न आला. गाडीच्या नोंदणीत इंजिनाचा क्रमांक असतो. मोटार वाहन कायदा, 1988 ह्याच्या कलम 52 प्रमाणे निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार मालकास आपल्या मर्जीने करता येत नाही. इंजिन बदलण्याचा विचार असेल तर गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी परिवहन कार्यालयात जावे, हा त्याचा व्यावहारिक अर्थ. शिवाय 2021 साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेले, मूळ स्वरूपात जपलेले आणि ज्यात मोठे फेरफार झालेले नाहीत असे वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. त्याच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. अशी गाडी प्रदर्शन, शर्यत-फेरी इत्यादी प्रसंगी बाहेर काढता येते; रोजच्या वापरास मात्र मनाई आहे. इंजिन बदलले असते तर हा मान मिळविण्याची आमची वाट कायमची बंद झाली असती. 2023 च्या जानेवारीत आमच्याच गावी लक्ष्मीविलास राजवाड्याच्या परिसरात जुन्या मोटारींचा मोठा मेळावा भरला होता. तेथील गाड्यांचे मोल त्यांच्या झळाळीत जेवढे, तेवढेच त्यांच्या मूळपणात होते.

तेव्हा असे ठरले, की इंजिन टाकून देण्यापूर्वी ते खरोखर मेले आहे काय, हे तरी पाहावे. मिस्त्रींनी चारही सिलिंडरांतील दाब मोजला. दोघांत तो फार कमी भरला. हेड उतरविल्यावर सिलिंडरच्या भिंती झिजलेल्या दिसल्या. परंतु ठोकळ्यास कोठेही तडा नव्हता. मग सिलिंडर बोअर करून किंचित मोठ्या मापाचे पिस्टन व रिंगा घातल्या, क्रँकशाफ्ट घासून घेतला आणि नवी बेअरिंगे बसविली. एक काम मात्र आजोबांच्या काळी करावे लागले नसते. तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग असे व व्हॉल्व्ह ज्यावर आदळतो त्या बैठकीचे ते रक्षण करी. 2000 सालापासून भारतात शिसेविरहित पेट्रोलच मिळते. म्हणून कठीण धातूच्या नव्या बैठका बसविल्या. आता पेट्रोलमध्ये इथेनॉलही मिसळलेले असते, त्याने जुने रबर खराब होते. म्हणून इंधनाच्या सर्व नळ्या बदलल्या.

इंजिनापेक्षा अधिक कष्ट पत्र्याने दिले. ह्या मोटारीस मालमोटारीसारखी स्वतंत्र चेसिस नाही. सांधलेला पत्र्याचा डबाच सर्व भार वाहतो. म्हणून दारांखालच्या पोकळ पट्टीस गंज लागणे म्हणजे घराच्या पायास ओल लागणे होय. वर रंग देऊन तो झाकता येतो. पण तशी गाडी आतून पोकळच राहते. निरोगी पत्रा लागेपर्यंत गंजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागला, आणि कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीस आडवे लोखंड लावून आधार द्यावा लागला; नाहीतर चौकट वाकून दार पुन्हा बसलेच नसते.

येथे आमची एक चूक प्रांजळपणे सांगतो. आरंभीच्या उत्साहात आम्ही व बंधूंनी दोन दारे एका दुपारी उकलली व सर्व स्क्रू एकाच डब्यात टाकले. ते पुन्हा आपापल्या जागी लावण्यात आठ दिवस गेले. त्यानंतर आधी छायाचित्र, मग पाना, मग नाव लिहिलेली पिशवी, असा नियम केला. जुन्या वस्तूच्या पुनर्बांधणीत स्मरणशक्तीवर विसंबू नये, नोंद ठेवावी.

बंधूंची रोजच्या उपयोगाची इच्छाही आम्ही अगदीच डावलली नाही. पुढच्या आसनांस सुरक्षापट्टे लावले, आणि डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसविला. मूळ डायनॅमो तेल लावून, कापडात गुंडाळून पेटीत ठेवला आहे. मूळ भाग न कापता, केव्हाही पूर्ववत करता येईल असाच बदल करावयाचा, ही मर्यादा आम्ही घालून घेतली. पुढील पिढीस वेगळे वाटले तर तिचा हक्क आपण हिरावून घेऊ नये.

इंजिन बदलणे नेहमीच चूक, असा आमचा आग्रह नाही. ज्या गाडीचे इंजिन हरवले आहे किंवा ठोकळाच फुटला आहे, ती भंगारात जाण्यापेक्षा रीतसर परवानगी घेऊन, ब्रेकपासून रेडिएटरपर्यंत सर्व साखळीचा विचार करून दुसऱ्या इंजिनावर चालावी, हे केव्हाही बरे. पण दुरुस्त होण्याजोगे इंजिन केवळ हौसेखातर काढून टाकणे म्हणजे साक्षीदाराची जबानी न ऐकताच त्यास बाहेर घालविणे होय.

इंजिन बांधून झाल्यावर एका संध्याकाळी बंधूंनी गाडी एक फेरी मारून आणली. ती कोपऱ्यावर वळली तेव्हा मातोश्री स्वयंपाकघरात होत्या. त्या बाहेर आल्या नाहीत. आम्ही आत जाऊन पाहिले, तो चुलीवर चहाचे आधण चढलेले होते.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या घरीही एखादे जुने शिवणयंत्र, घड्याळ, रेडिओ किंवा सायकल कोपऱ्यात पडलेली असेल. ती दुरुस्त करावयास घ्याल तेव्हा प्रथम वडीलधाऱ्यांस विचारा, की ह्यातील काय राहिले पाहिजे. नागसेनाच्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घरी वेगळे असेल. ते समजून घेतल्यावाचून पाना हाती धरू नये, एवढेच आम्ही ह्या एका वर्षात शिकलो.