ट्रॅक्टरवर उपग्रहदर्शक यंत्र बसवितांना घ्यावयाची खबरदारी

सऱ्या सरळ पडाव्या, फवारणीचा पट्टा एकाच जागीं दोनदां पडूं नये, यासाठीं ट्रॅक्टरवर उपग्रहांच्या आधारें दिशा दाखविणारें यंत्र बसविण्याची चाल आतां आपल्याकडेही आली आहे. यंत्राचे गुण विक्रेते पुष्कळ सांगतात. तें बसवावें कसें, हें मात्र बहुधा गांवच्या कारागिरावर सोपविलें जातें. आमच्या मतें धोका आहे तो येथेंच.

जी.पी.एस.चे उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. इतक्या दुरून येणारा संदेश अत्यंत क्षीण असल्यामुळें तो लोखंडी पत्र्याच्या आड पोंचत नाहीं. दाट आमराईंतही अडखळतो. म्हणून अँटेना छपराच्या माथ्यावर, ट्रॅक्टरच्या मध्यरेषेवर बसवावी. याचा अर्थ उंच कांब उभी करावी असा नव्हे. अँटेना जमिनीपासून ३ मीटर उंच असून ट्रॅक्टर उतारावर ५ अंश कलला, तर ती सुमारें २६ सेंटीमीटर बाजूस सरकते. कांब वाढविली कीं ही चूकही वाढते.

शिवाय उंच कांब तारेला भिडते. विहिरीवरील पंपाकडे जाणाऱ्या विजेच्या तारा किती झोळलेल्या असतात, हें वाचकांस सांगावयास नको. अँटेना बसविल्यावर ट्रॅक्टरची नवी उंची मोजून ती चालकास सांगून ठेवावी, आणि छपरावरील काम तारांखालीं कधींही करूं नये. तार चिकटलीच तर चालकानें जागेवर बसून राहावें व प्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणीही जवळ जाऊं नये. पाय जमिनीवर आणि हात ट्रॅक्टरला, हें मरणच होय. आगच लागली तर ट्रॅक्टरला न धरतां दोन्ही पाय जुळवून दूर उडी टाकावी, व पाय जुळलेले ठेवूनच लहान लहान उड्या घेत लांब जावें.

आसनामागील लोखंडी चौकट ट्रॅक्टर उलटल्यास चालकाचा जीव राखते. अँटेनेसाठीं तिला भोंक पाडणें किंवा वेल्डिंग करणें म्हणजे तिचें बळ घालविणें, आणि तें गेल्याचें ट्रॅक्टर उलटेपर्यंत कळत नाहीं. कारागीर दोन मिनिटांत पट्टी चिकटवून देतो, पैसेही थोडे घेतो. तरी त्यास स्पष्ट नकार द्यावा. नटबोल्टांनीं आवळणारी पकड किंवा चुंबकाची बैठक याकामीं पुरेशी आहे. ट्रॅक्टरवर इतरत्र वेल्डिंग करावयाचें असेल, तर यंत्राच्या तारा आधीं सोडवाव्या.

बॅटरीचें ऋण टोंक प्रथम सोडावें व सर्वांत शेवटीं जोडावें. नाहींतर पाना एकाच वेळीं धन टोंकास व सांगाड्यास लागून ठिणगी उडते, आणि बॅटरींतून निघणारा वायु ज्वालाग्राही असतो. यंत्राच्या धन तारेंत बॅटरीजवळच फ्यूज घालावा. अँटेनेच्या तारेंतूनही थोडा प्रवाह वाहतो, यास्तव ती यंत्र बंद असतांनाच जोडावी. ती काटकोनांत मोडूं नये, दारांत चेंगरूं देऊं नये. लांबी उरल्यास सैल वेटोळें करून बांधावें.