शेवट की नुसता थांबा?

प्रश्न : ‘फ्रीरेन’ या अ‍ॅनिमे मालिकेचा पहिला सीझन संपवला. २८ भाग पाहूनही प्रवास अर्धाच! याला शेवट म्हणायचं का?

उत्तर : म्हणायचं. जपानी टीव्हीवर नव्या अ‍ॅनिमे मालिका जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरात सुरू होतात. बहुतेकींना बारा-तेरा भागच मिळतात. मूळ मांगा (जपानी कॉमिक) अनेकदा चालूच असते, त्यामुळे गोष्ट मध्येच सोडावी लागते. कुठे सोडली, यावर दिग्दर्शकाची पारख होते. सप्टेंबर २०२३ ते मार्च २०२४ चाललेल्या ‘फ्रीरेन’मध्ये केइइचिरो साइतो यांनी ती जागा अचूक हेरली.

जादूगारांच्या परीक्षेचं प्रकरण मला जरा लांबलेलं वाटलं. पण शेवट बघा. हजार वर्षं जगलेली नायिका फ्रीरेन नापास, तिची शिष्या फर्न पास. आणि बक्षीस म्हणून फर्न कोणतीही जादू मागू शकत असताना मागते काय, तर कपडे स्वच्छ करण्याची! (आमच्या घरी यावर टाळ्या पडल्या.) निरोपही कोरडाच, कारण फ्रीरेनचा जुना सोबती हिमेल याच्या मते पुन्हा भेट होणारच असेल, तर रडारडीची नंतर लाजच वाटायची. शेवटच्या भागात लढाई हवी असलेले हिरमुसले असतील. मला मात्र हाच भाग सगळ्यात आवडला.

दुसरा सीझन जानेवारी २०२६ मध्ये सुरू झाला. थेट तिथे जा.