लग्नाचा व्हिडिओ उघडत नाही? खिशात हात घालण्याआधी हे तपासा

ब्रह्मपुरी, वडसा, नागभीडकडे लग्नाचं शूटिंग करणारे स्टुडिओ आता सीडीऐवजी व्हॉट्सॲपवर लिंक आणि पासवर्ड पाठवतात. नातेवाईक लिंक दाबतात, व्हिडिओ चालत नाही, आणि कुणी नवा रिचार्ज मारतं तर कुणी मोबाइल दुकानात नेतं. खरं तर बहुतेक अडचणी फुकटात सुटतात. पडद्यावर काय दिसतंय, यावरून दोष कुठे आहे ते कळतं.

‘पासवर्ड चुकीचा’: खर्च शून्य
लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी धरली जातात, आणि कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो. मेसेजमधून कॉपी करताना शेवटी रिकामी जागा चिकटते. मराठी कीबोर्ड सुरू असेल तर आकडे देवनागरीत पडतात. तेही चालत नाहीत. कीबोर्ड इंग्रजी करून पासवर्ड हाताने टाइप करा.

‘परवानगी नाही’: खर्च शून्य
गूगल ड्राइव्ह आणि यूट्यूबच्या लिंकला वेगळा पासवर्ड नसतो. तिथे स्टुडिओने तुमच्या जीमेलला परवानगी द्यावी लागते, नाहीतर लिंक सर्वांसाठी खुली करावी लागते. मोबाइलमध्ये दोन-तीन जीमेल खाती असतील तर परवानगी मिळालेलं खातं निवडा. ‘व्हिडिओवर प्रक्रिया सुरू आहे’ असं दिसलं तर थोडं थांबा. एकाच फाइलवर पाहुण्यांची गर्दी झाली, तर ड्राइव्ह ती काही काळ अडवतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडून पाहा.

चाक नुसतं फिरतंय: खर्च शून्य ते ६९ रुपये
इथे हिशेब कामी येतो. ५ एमबीपीएसच्या फुल एचडी व्हिडिओला तासाला सव्वादोन जीबी डेटा लागतो. म्हणजे रोजचा दीड जीबी चाळीस मिनिटांत संपतो. त्यानंतर जिओ-एअरटेलचा वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्यात व्हिडिओ चालणं शक्यच नाही. दोष लिंकचा नसून संपलेल्या डेटाचा आहे. रात्री बारानंतर पाहा, किंवा प्लेअरमध्ये दर्जा ४८० करा. त्या दर्जाला १ एमबीपीएस धरले, तर दोन तासांच्या फिल्मला सुमारे ९०० एमबी पुरतात.

फुल एचडीच हवी असेल, तर दोन तासांना साडेचार जीबी लागतील. जुलै २०२४च्या दरवाढीनंतर १ जीबीचं पाकीट जिओचं १९ रुपयांना आणि एअरटेलचं २२ रुपयांना झालं. त्या दराने जिओची १ जीबीची पाच पाकिटं घेतली तर ९५ रुपये होतात, ६ जीबीचं एकच घेतलं तर ६९. रिचार्जआधी ॲपमध्ये आजचा दर आणि मुदत पाहून घ्या.

आवाज येतो, चित्र नाही: खर्च शून्य
फाइल एचईव्हीसी प्रकारची असेल, तर जुन्या मोबाइलला आणि टीव्हीला ती झेपत नाही. फाइल डाउनलोड करून व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये उघडा. तरीही अडलं, तर स्टुडिओकडून एच२६४ एमपी४ प्रत मागा.

मोबाइल तापतोय: खर्च शून्य
मे महिन्यातलं ब्रह्मपुरीचं ऊन राज्यभर गाजतं. ॲपल आयफोन वापरण्यासाठी ३५ अंशांपर्यंतचं हवामान योग्य मानतं. इथे पारा ४५च्या वर जातो. तापलेला फोन स्वतःचा वेग कमी करतो आणि व्हिडिओ अडकतो. कूलरसमोर बसा, चार्जिंग काढा.

इथे थांबा
लिंकवर जीमेलचा पासवर्ड किंवा ओटीपी मागितला, किंवा ‘आधी हे ॲप टाका’ असं सांगितलं, तर स्टुडिओला फोन करून खात्री करा. लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल पाठवून फसवणूक झाल्याची प्रकरणं घडली आहेत. पैसे गेले तर लगेच १९३० वर कळवा.

शेवटचा हप्ता देण्याआधी
लिंक किती दिवस चालेल, डाउनलोड करता येईल का, आणि पेन ड्राइव्हवर प्रत मिळेल का, हे तिन्ही प्रश्न विचारून उत्तरं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. पेन ड्राइव्ह एफएटी३२ प्रकारचा असेल, तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. तो एक्सफॅट करा, पण घरचा टीव्ही तो वाचतो का ते आधी पाहा. स्वतःच्या ड्राइव्हमध्ये ठेवायचं तर १५ जीबी फुकट आहे. १०० जीबीचा गूगल वनचा दर भारतात महिना १३० रुपये आहे.

पैसे घेऊन स्टुडिओ चालणारी प्रत देत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. तिथे सुटलं नाही, तर ब्रह्मपुरीकरांसाठी चंद्रपूरचा आणि वडसेकरांसाठी गडचिरोलीचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. बिल आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं तोवर पुसू नका.