उच्च शिक्षणाचा भार कोणी वाहावा?

उच्च शिक्षणाचा खर्च विद्यार्थ्याने सोसावा की समाजाने, याबाबत प्रगत राष्ट्रांतही एकमत नाही. ऑस्ट्रेलियाने १९७४ साली विद्यापीठीय शुल्क रद्द केले. १९८९ मध्ये ते पुन्हा लागू झाले. मात्र उत्पन्न ठराविक मर्यादेपुढे गेल्यावरच ते फेडण्याची सवलत ठेवण्यात आली. इंग्लंडमध्ये १९९८ साली वार्षिक एक हजार पौंड असलेली शुल्कमर्यादा २०१२ मध्ये नऊ हजारांवर गेली. याउलट, जर्मनीतील राज्यांनी २०१४ पर्यंत सर्वसाधारण शिक्षणशुल्क मागे घेतले.

नंदुरबार जिल्ह्यात मात्र केवळ शुल्कमाफी पुरेशी ठरत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. अक्राणी वा अक्कलकुवा तालुक्यातील दुर्गम पाड्यावरील मुलीला महाविद्यालयासाठी घर सोडून राहावे लागते. तिच्या कुटुंबाला शुल्कापेक्षा निवास व भोजनाचा खर्चच अधिक जड जातो. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी २०१६ साली पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना सुरू झाली, ती हीच गरज ओळखून. भोजन, निवास व निर्वाहासाठीची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा करण्याची तीत तरतूद आहे.

तथापि, रक्कम वेळेवर न मिळाल्यास खोलीचे भाडे थकते आणि शिक्षणच सुटण्याची वेळ येते. म्हणून जातीचा व उत्पन्नाचा दाखला आणि बँक खाते ही तयारी बारावीच्या निकालापूर्वीच पूर्ण व्हावी, याकडे शिक्षक व पंचायत सदस्यांनी लक्ष देणे अगत्याचे आहे. धोरणाचे यश अखेर पाड्यावरच ठरते.